नऊला घाबरलास, दादा

दादा,

तुझ्या तेराव्याच्या पंगतीत माझं भांडण झालं. खालापूरच्या अण्णाशी, आणि तेही पोळीवरून.

वाढणाऱ्या बाईने माझ्या पानात एकदम तीन पोळ्या टाकल्या. शेजारी बसलेला आपला हा चुलतभाऊ अण्णा ओरडला, "अगं, तीन वाढू नयेत! चौथीचा तुकडा मोडून टाक वर." तिने बिचारीने तुकडा मोडला. मी तो उचलून तिच्या ताटात परत ठेवला आणि म्हटलं, "मला तीनच हव्यात." सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. साठी उलटलेली बाई सख्ख्या भावाच्या तेराव्याला पोळ्यांच्या आकड्यावरून हुज्जत घालतेय, म्हणजे दुःखाने हिचं डोकं फिरलं असणार, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

डोकं फिरलं होतंच, पण ते दुःखाने नव्हे. जन्मभर तू मला ऐकवलंस की तीन हा आकडा सगळ्यात इमानदार. चार पायांचं टेबल तुझ्या मांडवात कायम डुगडुगायचं, कुठे पुठ्ठा घाल, कुठे खडा घाल. पण तीन पायांची तिवई कसल्याही उंचसखल जमिनीवर ठेवा, डुगडुगणार नाही. "आणि तुम्ही म्हणता तीन तिघाडा, काम बिघाडा! कोणी केली ही म्हण? चार पायांच्या टेबलाने केली असणार." हे तू किती जणांना ऐकवलंस, त्याला सुमार नाही. आणि आता तुझ्याच नावाच्या जेवणात तिनाला पानातून हाकलायचं, आणि मी मुकाट्याने पोळी-भाजी खायची? एवढी मी गरीब गाय नाही.

खरं तर तिनाची बाजू घेणं हे माझं कामच नव्हे. मी खोपोलीच्या शाळेत मराठी शिकवलं. आकड्यांशी माझा संबंध हजेरी आणि मार्क एवढाच. तू दहिवलीत मंडप डेकोरेशन करायचास, म्हणजे बांबू, कनाती, खुर्च्या आणि भांडी. पण मन सगळं आकड्यांत. तुझी तक्रार असायची की माझ्या भाषेने आकड्यांची बदनामी केलीय. शिळफाट्याला माझ्या घरी आलास की चपला काढायच्या आधीच खटला सुरू. "शैले, एखाद्याचा सत्यानाश झाला की बारा वाजले का म्हणता? बारासारखा समंजस आकडा दुसरा नाही. दोघांत वाटा, तिघांत वाटा, चौघांत, सहांत वाटा, कोणी रुसत नाही. वाजवायचेच तर तेराचे वाजवा. तो हट्टी. त्याच्या सारख्या ओळी लागतच नाहीत, मला विचार." मग मी म्हणायची, भाषा खुर्च्या मांडायला जन्मली नाही. मग तू म्हणायचास, भाषेने निदान चौकशी करून मग नावं ठेवावीत. चहा झाला की पहिल्यापासून पुन्हा.

सगळ्यात जास्त चिडायचास ते छत्तीसच्या आकड्यावर. भांडणाला छत्तीसचा आकडा म्हणायचं, का, तर तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेत! "पाठ केली म्हणजे भांडण झालं? शेतात रात्रीची राखण करणारे दोघे कसे बसतात? पाठीला पाठ लावूनच बसतात ना?" हे मला पटलं. तसं मी कबूल केलं नाही, पण पुढच्या वर्षी वाक्प्रचार शिकवताना तुझं म्हणणं पोरांना सांगून टाकलं. तुला सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असतास.

कशेळ्याचा तो साखरपुडा आठवतो का? आठवत असेलच, तूच तर घातलास तो गोंधळ. घरच्या माणसांपुरता कार्यक्रम, छत्तीस खुर्च्या सांगितलेल्या. सहा-सहाच्या सहा ओळी लावून गप्प बसावं की नाही? नाही. तू पुढे एक खुर्ची लावलीस, तिच्यामागे दोन, मग तीन, असं करत शेवटच्या ओळीत आठ. छत्तीसचा चौकोनही होतो आणि त्रिकोणही होतो, हे कशेळ्याला कळलंच पाहिजे अशी तुझी जिद्द. मुलीचा मामा आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "ह्ये काय रं दादा? खुर्च्या मांडल्यास का भाताची रास घातलीस?" आणि मग खरी पंचाईत झाली. पुढच्या एकट्या खुर्चीवर कोण बसणार? तो मान मुलाच्या काकाचा की मुलीच्या मामाचा? दोघं अर्धा तास एकमेकांना "तुमी बसा, तुमी बसा" करत राहिले आणि बसेना कोणीच. शेवटी गावातला एक म्हातारा आला, मान वगैरे न बघता तिथे बसला आणि झोपी गेला. तू मागे उभा राहून हसत होतास. पोरीच्या बापाने तुला पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि वहिनी आठ दिवस तुझ्याशी धड बोलली नाही.

लोक आता म्हणतात, दादा हिशेबाला पक्का. मला हसावं की रडावं कळत नाही. तुझी बिलं चुकायची. हातचा घ्यायला तू हमखास विसरायचास. बेरीज-वजाबाकीत तुला काडीचा रस नव्हता, तुला आकड्यांचे स्वभाव आवडायचे. शोकसभेत कोणीतरी उठून "चालताबोलता कॅल्क्युलेटर" म्हणालं तेव्हा मी माझ्या जागेवरून "खोटं आहे" म्हणाले, जरा मोठ्यानेच. तुझ्या लेकीने, जुईने, माझा हात दाबला.

आणि तुझा लाडका नऊ. त्याचं काय सांगू? कर्जतमध्ये असं लग्न नसेल जिथे तू जेवणाच्या रांगेत कोणाला तरी धरलं नाहीस. मनात दोन अंकी आकडा धरा, त्याच्या दोन अंकांची बेरीज त्यातूनच वजा करा, आता उत्तराचे अंक मिळवा. नऊ आला ना? बायका तोंडावर हात ठेवायच्या, पुरुष पुन्हा करून बघायचे. नऊला कशानेही गुणा, उत्तराचे अंक मिळवत जा, शेवटी नऊच उभा. "नऊ कुठेही गेला तरी आपलं घर विसरत नाही," तू म्हणायचास. नऊचा पाढा तू जुईला ती तीन वर्षांची असताना बोटांवर शिकवलास. एक अंक जिना चढतो, दुसरा उतरतो, आणि मधे दोघं भेटून जातात. ती अजून तसाच म्हणते.

म्हणून तर मला तुझा राग येतो. मला तो इथे सगळा मांडायचाय, कारण तू जिवंत असताना मांडायला घेतला आणि अर्धाच राहिला.

जुईने नितेशशी लग्न ठरवलं. पोरगा कशेळ्याच्या पुढच्या गावातला, घरची भातशेती, स्वतः खोपोलीच्या कारखान्यात नोकरीला. तू भेटलास, तुला आवडला. नऊची गंमत त्याला लगेच कळली आणि नऊच्या जागी अकरा घेऊन तशी गंमत होते का ते त्याने करून बघितलं, म्हणून तर जास्तच आवडला. मग अण्णाने सांगितलं, पत्रिका बघून घ्या, रीत आहे. तू हसत हसत गुरुजींकडे दिलीस. आणि गुण जुळले छत्तीसपैकी नऊ. निदान अठरा तरी लागतात म्हणे. वर एकनाड. एकनाड म्हणजे दोघांतल्या एकाच्या जिवाला धोका, असं घराघरात सांगतात.

तू माझ्याकडे आलास, शिळफाट्याला. मी दार उघडलं तर खटला नाही, काही नाही. बसलास आणि म्हणालास, "शैले, एकनाड आहे."

मला वाटलं तू गंमत करतोयस. मी म्हटलं, "नऊ गुण? अरे वा, तुझा लाडकाच आला की! आणि नऊ, अठरा, छत्तीस, सगळी त्याचीच पोरं."

तू हसला नाहीस. म्हणालास, "आपण थोडं थांबू या का? सहा महिने. दुसरा कोणी बघतो का बघू."

मी भडकले. मला अजूनही वाटतं बरोबर भडकले. मी म्हटलं, गावभर आकड्यांची वकिली करत फिरलास, बाराची बाजू घेतलीस, तिनाची घेतलीस, आणि स्वतःच्या दारात नऊ आला तर घाबरलास? हीच तुझी आकड्यांवरची माया? तिनाला लोक घाबरतात ते खुळचट, आणि तू नऊला घाबरतोस ते शहाणपण?

तू म्हणालास, "तुला मुलगी असती तर कळलं असतं."

असं तू मला कधी बोलला नव्हतास. मला मूलबाळ नाही, हे आपल्या घरात कोणी उच्चारत नसे, आणि तू तर नाहीच. जुई तुझ्याइतकीच माझी, हे तूच लोकांना सांगायचास. तू बोललास आणि तुझा तुलाच धक्का बसला, ते मला दिसलं. तू उठलास, म्हणालास टेंपो उभा आहे, आणि जिना उतरून गेलास.

त्याच आठवड्यात तू गेलास. दहिवलीच्या गोदामात सकाळी कनाती उतरवताना छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही पोचला नाहीस. ही काय पद्धत झाली, दादा? भांडण अर्ध्यात टाकून माणूस जिना उतरतो, तो पुन्हा चढून येण्यासाठी. मी तुझ्या फोनची वाट बघत होते. तू करशील, माफी मागशील, मग मी जरा आढेवेढे घेईन, असं माझं सगळं ठरलं होतं.

आणि मग लोक सुरू झाले. भेटायला येणारी प्रत्येक बाई वहिनीच्या कानाशी लागून तेच सांगायची. नऊ गुणांवर ठरवलंत ना, बघा, लग्न व्हायच्या आधीच घरातलं माणूस नेलं. वहिनी भिंतीला टेकून बसलेली, बोलत नव्हती, रडत नव्हती. जुई पाण्याचे पेले फिरवत हे सगळं ऐकत होती. मला एकेकीला दारापर्यंत सोडून यावंसं वाटायचं. ज्या माणसाने जन्मभर नऊला घरचा मानला, त्याच्या मरणाचा आळ तुम्ही नऊवर घालता? आणि नऊवर घालून तो कोणावर घालता? माझ्या पोरीवरच ना? तिने पसंत केलेला मुलगा बापाला भोवला, हेच ना म्हणायचंय?

तेराव्याची पंगत उठल्यावर अण्णाने सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. नितेशचे आईवडील आले होते, त्यांनाही. आणि म्हणाला, "आता स्पष्ट बोलू. हे जमवायचं नाही. दादाच्याही मनात नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी तो पुन्हा गुरुजींकडे गेला होता. मला रस्त्यात भेटला, स्वतः म्हणाला, पत्रिकेचंच बघायला चाललोय."

मला एकटीलाच माहीत होतं की तू घाबरला होतास. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हते. आता तुझी भीती अण्णाच्या हातात होती आणि तो ती तुझी शेवटची इच्छा म्हणून वाटत होता.

नितेशचे वडील खाली बघत म्हणाले, "आमची काय हरकत नाय. पोरगी आमाला पसंत हाय. पन दुख तुमच्या घरात झालंय. तुमी म्हनाल तसं." त्याची आई म्हणाली, "आमी पत्रिका बगून लगीन केलं न्हवतं. पन तुमची रीत तुमची."

मी अण्णाला म्हटलं, "गुरुजी अजून अंगणात आहेत. त्यांनाच विचार, दादा काय म्हणाला ते." हे बोलताना मला खात्री नव्हती, दादा. उत्तर आपल्या विरुद्ध जाईल अशीच भीती होती. पण अण्णाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते बरं.

गुरुजी हात पुसत आत आले. जरा घुटमळले. मग म्हणाले, "आले होते. घाबरलेलेच होते, खोटं कशाला सांगू? म्हणाले, पुन्हा नीट मोजा, कुठे काही वाढतंय का बघा. मी म्हटलं, बसा, तुमच्यासमोरच मोजतो. वर्णाचा एक, वश्याचे दोन, तारेचे तीन, योनीचे चार, ग्रहमैत्रीचे पाच, गणाचे सहा, भकूटाचे सात, नाडीचे आठ. असे छत्तीस. तर हे एकदम उभेच राहिले."

"उभे राहिले म्हणजे?" अण्णा.

"म्हणाले, गुरुजी, एकापासून आठापर्यंत? हा तर माझा कशेळ्याचा मांडव! आणि माझ्या पूजेच्या सुपाऱ्यांची पिशवी ओढली, पाटावर सुपाऱ्या मांडायला लागले. एक, त्याच्याखाली दोन, त्याच्याखाली तीन. आठ ओळी झाल्या. मग तेवढ्याच सुपाऱ्या सरकवून सहा-सहाचा चौकोन केला. मला म्हणाले, इतकी वर्षं गुण जुळवताय आणि हे तुम्ही कधी बघितलंच नाही? मला माझ्याच घरात शिकवत होते. पुन्हा त्रिकोण केला, पुन्हा चौकोन केला. मी म्हटलं, अहो, मुलीच्या गुणांचं काय करायचं? तर म्हणाले, हो, ते राहिलंच की. उद्या येतो."

मग वहिनी हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या घशातून आवाज निघाला, आणि तो हसण्याचा. हसता हसता ती रडायला लागली, आणि नितेशच्या आईने उठून तिला जवळ घेतलं.

तिथे बसून मला तुझा इतका राग आला, दादा, की तू समोर असतास तर खांदे धरून हलवला असता. घाबरून गेलास, हरखून परत आलास, आणि जे ठरवायचं होतं ते तसंच ठेवून आलास! भीती गेली होती की नाही? सुपाऱ्या मांडताना ती गेली की नुसती विसरलास? दुसऱ्या दिवशी जाऊन काय म्हणणार होतास? गुरुजींना माहीत नाही, वहिनीला माहीत नाही, मला तर नाहीच. तुझ्या सगळ्या कोड्यांची उत्तरं मला कधी ना कधी मिळाली. हे एकच कोडं तू मुलीच्या आयुष्याचं घातलंस आणि निघून गेलास.

अण्णा सावरून बसला. "म्हणजे त्याने हो काही म्हटलं नाही," तो म्हणाला.

"नाहीही म्हटलं नाही," जुई म्हणाली. ती दारात उभी होती, हातात पाण्याचं तांब्या-भांडं. "बाबा उद्या जाणार होते. म्हणजे त्यांचं ठरलं नव्हतं. मग आता मी ठरवते. लग्न मी नितेशशीच करणार. बाबांचं मन असं होतं, तसं होतं, हे कोणी कोणाला सांगायचं नाही. अण्णाकाका, तुम्हीही नाही. आणि आत्या, तूसुद्धा नाही."

मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मी तिच्याच बाजूने बोलणार होते, दादा. मी म्हणणार होते की दादाला हेच हवं होतं. ते खरं की खोटं मला ठाऊक नाही, पण मी ठोकून दिलं असतं. तिने मला ते करू दिलं नाही. तुझ्या भीतीची लाज तिने कोणाला वाटू दिली नाही, आणि तुझ्या आनंदाचा पुरावाही केला नाही. एवढा सरळपणा तिने कोणाकडून घेतला, देव जाणे. आपल्या दोघांकडून तर नक्कीच नाही.

अण्णा जेवणाचा विडा न घेता खालापूरला गेला. येईल परत, कुठे जातोय. मांडवात तोच सगळ्यात पुढे मिरवेल.

तू मला जे बोललास ते मी विसरलेले नाही. विसरायला तू माफी मागायला हवी होतीस, मी आढेवेढे घ्यायला हवे होते, आणि ते आता व्हायचं नाही. पण एक सांगते. त्या दिवशी तू नऊला घाबरलास असं मी म्हटलं. आता वाटतं, नऊ तिथे नव्हताच. बाप मुलीसाठी घाबरला होता, आणि त्याला घाबरायला एक आकडा मिळाला. एवढंच मला त्या दिवशी कळलं असतं, तर मी तुला खाली टेंपोपर्यंत जाऊ दिलं नसतं.

लग्नाची तारीख काढायची आहे. पावसाळ्यानंतरची कुठली घ्यायची, यावर वहिनी आणि जुई काल तासभर बोलत होत्या. शेवटी दोघींनी माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा, दादाला विचारते."

हातात फोन घेतला होता मी.